एक्केचाळीस फूट

माझा उजवा पाय ब्रेकवर होता आणि ट्रकचं पुढचं डावं चाक हवेत होतं. समोर दरी. मागे डोंगर. डोक्यावर केबिनच्या टपावरून पुढे आलेलं सागाचं टोक, आणि त्या टोकाला बांधलेलं लाल फडकं. ते वाऱ्यावर असं हलत होतं की कुणी आम्हाला निरोप देतंय असं वाटावं.

"पास्कू," खालून लक्ष्मणचा आवाज आला, "पाय काढू नको."

"काढतोय कशाला?"

"तू शिंकतोस म्हणून सांगितलं."

लक्ष्मण माझा क्लीनर. वयानं माझ्याहून वीस वर्षं मोठा, आणि दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. त्या दिवशी सकाळपासून त्यानं सहा खर्च केली होती. मी त्यातलं एकही ऐकलं नव्हतं.

मी जवळजवळ चाळीस वर्षं गाडी चालवली. वसईत आमच्या वाडीत मी गोष्ट सांगायला बसलो की लोक म्हणतात, पास्कू जे सांगेल त्याचं निम्मं धरा. बरोबर आहे. वाघ दोन सांगितले असतील तर एक धरा, आणि तोही कदाचित तरस असेल. या गोष्टीतही खुशाल निम्मं करत चला. फक्त एक आकडा निम्मा करू नका. ते लाकूड एक्केचाळीस फूट होतं. त्यात माझा एक इंचही नाही.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. आमच्या मिंगेलशेठचा यार्ड गोखिवऱ्याला होता. दोन गाड्या. त्यातली धड चालणारी माझ्याकडे नव्हती. माझी गाडी चढाला लागली की सरपणाला निघालेली बाई आम्हाला मागे टाकून वर जायची, मोळी बांधायची आणि उतरताना आम्हाला पुन्हा भेटायची. पण उताराला ती गाडी हरिण होती. तोच तिचा दोष.

एप्रिल संपता संपता यार्डात अर्नाळ्याचा हिराजी नाखवा आला. नाखवा म्हणजे होडीचा मालक. उंच, वाळलेला माणूस, डोळे उन्हानं बारीक झालेले. त्याची जुनी होडी मोडीत निघाली होती. नवी बांधायला सुतार किनाऱ्यावर येऊन बसला होता. होडीच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड आडवं लाकूड लागतं. माणसाला पाठीचा कणा, तसा होडीला तो. कणा मांडल्याशिवाय एक फळी ठोकता येत नाही. सुतारानं माप दिलं होतं चाळीस फूट, आणि एक फूट तासायला. तेवढा सरळ, एकसंध साग शोधायला नाखव्याला दोन वर्षं लागली होती. तो मिळाला जव्हारच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या लिलावात. आता पाऊस लागायच्या आत तो अर्नाळ्याला पोचला, तर नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात. नाही पोचला, तर वर्ष गेलं. त्या एका होडीवर चार घरं जेवत होती.

मिंगेलशेठनं डोकं खाजवलं. "एक्केचाळीस फूट? घाटातून? नाखवा, भिवंडीहून लांब ट्रेलर मागवू. मोठ्या रस्त्यानं वळसा घालून आणू. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवस सुतार थांबत नाय, शेठ. त्याला डहानूचं काम आलंय."

शेजारच्या यार्डातले दोन ड्रायव्हर चहा पीत उभे होते. एकानं सरळ मान हलवली. दुसरा म्हणाला, "तो घाट बायकोच्या माहेरचा असला तरी मी तेवढं लाकूड उतरवणार नाही."

आता इथे गप्प बसावं की नाही? पण दोन ड्रायव्हर नाही म्हणताहेत, शेठ घाबरलाय, समोर गिऱ्हाईक आशेनं बघतंय, आणि माझ्या हातात चहाचा ग्लास आहे. अशा वेळी माझ्या तोंडाला ब्रेक नसतो.

"एक्केचाळीस?" मी म्हटलं. "नाखवा, याच घाटातून पन्नास फुटी खांब उतरवलाय मी. विजेचा. लोखंडी. मागे वळून बघायलासुद्धा लागलं नाही."

खांब मी उतरवले होते, हे खरं. अठ्ठावीस फुटी होते.

शेठला माझी निम्म्याची खोड माहीत होती. त्यानं भुवया वर केल्या. पण नाखवा अर्नाळ्याचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"देवासारखा भेटलास, डायवर."

त्या घाटाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी जाऊन वळणं मोजून येईल. मी वाडीत बावीस सांगतो, तेव्हा अकरा धरा. त्यातलं सातवं सगळ्यांत वाईट. ड्रायव्हर लोक त्याला खेकडा म्हणायचे, कारण तिथे गाडी सरळ वळतच नाही. एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे, अशी तिरकी तिरकी काढावी लागते.

लांब माल उतरवायचा तर आमच्या लाईनीत एक पद्धत होती. दोरी टाकणे. रिकामी गाडी वर चढवताना अवघड वळणावर थांबायचं. मालाच्या लांबीची दोरी घ्यायची. क्लीनरनं एक टोक धरून डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, ड्रायव्हरनं दुसरं टोक धरून गाडी जशी वळेल तसं चालायचं. दोरी कुठे ढिली न पडता, कुठे न अडता फिरली, तर माल फिरेल. अडली, तर वर जाऊन नाही म्हणून सांगायचं आणि रिकामं परत यायचं. पाच मिनिटांचं काम. शाळा न शिकलेल्या लोकांनी काढलेली भूमिती होती ती. तिनं कितीतरी जणांना वाचवलं.

लक्ष्मणनं आदल्या दिवशीच एक्केचाळीस फुटाची दोरी मोजून सीटखाली ठेवली होती.

सकाळी चढताना खेकडा आला. लक्ष्मणनं दोरी काढली, दार उघडलं.

"थांबव."

मी नाखव्याकडे बघितलं. तो आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता, मांडीवर नारळाची पिशवी धरून. पन्नास फुटी खांब उतरवणारा माणूस एक्केचाळीस फुटाला दोरी टाकतोय, हे त्याच्यासमोर कसं दिसलं असतं?

"बंद कर दार," मी म्हटलं. "दोरी काय टाकतोस? माझ्या डोळ्यात माप आहे."

लक्ष्मणनं दार लावलं. दोरी मांडीवर ठेवली. वर पोचेपर्यंत तो ती गुंडाळत होता आणि उलगडत होता.

खरं सांगू? डोळ्यात माप होतंच. वळण ओलांडतानाच मी मनात लाकूड फिरवून बघितलं होतं, आणि ते अडलं होतं. इतकी वर्षं तो घाट केलेल्या माणसाला कळत नाही असं नाही.

वर लाकूड बघितलं. चारी बाजू तासलेलं, मधासारख्या रंगाचं, एक गाठ नाही. नाखव्यानं त्याच्यासमोर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. पंधरा गड्यांनी गाणं म्हणत ते चढवलं. पुढचं टोक केबिनच्या टपावरून बाहेर, मागचं हौद्याच्या मागच्या फळक्याबाहेर चौदा फूट. वजनाचं काही नव्हतं, टनभर असेल नसेल. प्रश्न लांबीचाच.

गड्यांचा मुकादम दोर आवळता आवळता म्हणाला, "दोरी टाकलीत ना?"

"टाकली," मी म्हटलं.

लक्ष्मण दुसरीकडे बघत होता.

पहिली वळणं मोकळी होती. माझ्या जीवात जीव आला. मी रोझरीची माळ आरशाला टांगून ठेवायचो, तिला हात लावला. लक्ष्मणनं लिंबू-मिरची टांगलेली असायची. आमच्या केबिनमध्ये सगळ्या देवांना सीट होती.

नाखवा बोलायला लागला.

"माझ्या बापाच्या होडीचा कना दोन लाकडांचा होता. मधी सांधा. तांब्याचे खिळे मारून पक्का केलेला. सुतार बोलला, सांधा हाय का नाय ते मासळीला पन कलनार नाय. वादळात सांधा उकलला. मी फळीवर तरंगलो. भाऊ नाय तरंगला. त्या दिवशी ठरवलं, माझ्या होडीला सांधा नाय. मिळंल तर एकसंध, नायतर होडीच नाय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"तुला कलतंय ते. तू मोठी लाकडं हाताळलेला मानूस."

आणि खेकडा आला.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. उताराला ब्रेकवर भरवसा ठेवायचा नसतो, गिअरवर ठेवायचा. इंजिनच गाडीला मागे ओढतं. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं. गाडीचं नाक दरीकडे वळलं आणि मागचं टोक, नाक जिकडे जातं त्याच्या उलट, डोंगराकडे गेलं. मला वाटलं, चाटून जाईल. धप्प असा आवाज झाला. टोक मुरमात दोन हात घुसलं. गाडीला धक्का बसला, आणि पुढचं डावं चाक कठड्याच्या दगडावर चढलं. दगड गेला. तो खाली पोचल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मधल्या वेळात मी माझ्या सगळ्या पापांची यादी करून पहिल्या पानावर परत आलो होतो.

हा आवाज निम्मा करा. यादी निम्मी करू नका.

लक्ष्मण उडी मारून उतरला, त्याच्यामागून नाखवा. लक्ष्मणनं चाकांना दगड लावले, पण रस्ता बारीक खडीचा. दगडही घसरत होते. म्हणून माझा पाय ब्रेकवर. इंजिनही बंद करायचं नाही, कारण इंजिन थांबलं की त्या गाडीचा ब्रेक लाकडासारखा कडक व्हायचा. गाडी पुढे घेता येईना, तिकडे हवा होती. मागे घेता येईना, लाकूड डोंगरात रुतून बसलं होतं. लाकूड उचलून खाली घ्यावं, तर उचलणाऱ्यांनी उभं कुठे राहायचं?

खालून प्रवाशांनी भरलेली बस आली आणि थांबली. सगळे उतरले. आपल्याकडे गाडी अडकली की प्रत्येकाला इंजिनिअरिंग येतं.

"मागे घ्या हो, मागे!"

"मागे डोंगर आहे, काका."

"मग पुढे घ्या."

"पुढे तुम्ही या, मग घेतो."

एक मास्तर म्हणाले, टायरमधली हवा सोडा. एक बाई म्हणाली, ड्रायव्हरला पाणी द्या, त्याचा रंग उडालाय. तिनं पाणी दिलंही. प्यायला मान मागे टाकली तर गाडी हलेल असं वाटून मी ते तसंच हातात धरून बसलो.

लक्ष्मणनं हातानं मोजलं, दोनदा. मग नाखव्यासमोर उभा राहिला.

"कापायला लागेल."

नाखव्याला कळलं नाही. "काय कापायला?"

"शेपूट. मग गाडी मागं येईल."

"किती?"

"नऊ फूट."

"चार कापू."

"नऊ."

"सहा. लक्ष्मनदादा, सहा कापू. एखादा फूट मी सुताराशी बोलतो."

"नाखवा, हा डोंगर हाय. भाव करत नाय."

नाखवा केबिनपाशी आला. उजव्या दारापाशी, माझ्या तोंडासमोर. त्याचा चेहरा अजूनही विश्वासाचा होता. तेच वाईट होतं.

"डायवर," तो हळू म्हणाला, "तो पन्नास फुटी खांब तू हितं कसा वळवलास? तसंच कर ना."

आता बघा. पाय ब्रेकवर. चाक हवेत. खोटं बोलायला याहून वाईट जागा जगात नसेल. मी त्याला तेव्हा सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. अठ्ठावीस होता. पुरे होते.

"नाखवा," मी म्हटलं, "तेव्हा रस्ता रुंद होता. मागच्या पावसानं खाल्ला."

त्यानं दरीच्या कडेकडे बघितलं. मान हलवली. पावसाला एक शिवी दिली. मग लक्ष्मणकडे हात पुढे केला.

"कुऱ्हाड."

"मी तोडतो," लक्ष्मण म्हणाला.

"नाय. माझं हाय."

मास्तरांनी सगळ्या प्रवाशांना गाडीच्या मागच्या फळक्यावर लटकवलं, वजनाला. बायका, पुरुष, एक शेळी. शेळीची मालकीण म्हणत होती, तिला घाला, ती अंगानं भरली आहे. मी आरशात बघत होतो. एरवी ते चित्र सांगताना मी लोकांना हसवून लोळवतो. त्या दिवशी कुणी हसत नव्हतं, कारण मागे कुऱ्हाड पडत होती.

सागाला वास असतो. तेलकट, गोडसर. पहिल्या घावाबरोबर तो केबिनपर्यंत आला. मी घाव मोजायला लागलो. साठाच्या पुढे मोजणं सोडलं. मध्ये एकदा आवाज थांबला. कुणीतरी म्हणालं, "बसा थोडं, नाखवा." मग पुन्हा सुरू झाला. प्रत्येक घाव लाकडातून, टपातून, सीटमधून माझ्या कण्यापर्यंत येत होता. दीड तास लागला असेल. वाडीत मी चार सांगतो.

शेवटी कडाड असा आवाज आला. गाडी सुटल्यासारखी हलली. "घे!" लक्ष्मण ओरडला. मी रिव्हर्स टाकला, क्लच सोडला, आणि ती माझी म्हातारी, जन्मात पहिल्यांदा, मागच्या मागे चढ चढली. चाक रस्त्यावर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईनं मला पुन्हा पाणी दिलं. माझा पाय ब्रेकवरून निघेना, लक्ष्मणनं हातानं उचलून काढला.

नाखवा कापलेल्या तुकड्यावर बसला होता. तळहात फुटलेले. तो उठला, माझ्याजवळ आला. मला वाटलं, मारणार. मारायला हवं होतं.

"जीव वाचवलास," तो म्हणाला. "दुसरा कोन असता तर तिघं पन खाली होतो."

अर्नाळ्याला पोचलो तेव्हा किनाऱ्यावर सगळी आळी जमली होती. बायकांनी ओवाळायला ताट आणलं होतं. लाकूड दिसलं तसं ताट धरलेली बाई थबकली. सुतारानं मोजलं. बत्तीस.

"नाखवा, सांधा देऊ. पक्का देतो."

"नाय."

"मग बत्तीसची बांधू."

"बत्तीसची होडी खाडीत फिरते. दर्यातली जाळी तिला पेलत नाय. चार घरं खाडीत जेवत नाय."

सुतार तिसऱ्या दिवशी डहाणूला गेला. पुढच्या वर्षीच्या लिलावात तेवढं लाकूड निघालं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चार घरांतले पुरुष दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून गेले. हिराजी नाखवाही गेला. लोक त्याला नाखवाच म्हणत राहिले. होडी नसलेल्या माणसाला नाखवा म्हणणं ऐकायला कसं लागतं, हे त्याच्या तोंडाकडे बघितल्यावर कळायचं.

लाकूड तिथेच किनाऱ्यावर पडून राहिलं. त्याच्यावर बायका बसायच्या, पोरं घसरायची, बोंबील वाळायचे. मधाचा रंग गेला, राखाडी झालं.

मी कधी अर्नाळ्याला भाडं घेऊन गेलो की त्या बाजूनं जायचं टाळायचो. एकदा टळलं नाही. नाखवा लाकडावर बसून जाळं विणत होता. शेजारी त्याचा जावई. मला बघून तो उठला, ओरडून हाक मारली.

"अरे, हा बघ! हाच तो. पन्नास फुटी खांब उतरवलेला डायवर. त्या दिवशी माझं नशीब आडवं आलं, नायतर यानं आनलंच होतं."

जावयानं मला नमस्कार केला. नाखव्यानं कागदात सुके बोंबील बांधून दिले. पाव किलो होते. वाढवत नाही.

मी ते घेतले. "येतो, नाखवा," म्हटलं आणि गाडीत येऊन बसलो. लक्ष्मण शेजारी बसला होता. त्याची दहा वाक्यं त्या दिवशी सगळी शिल्लक होती. गोखिवऱ्यापर्यंत त्यानं त्यातलं एकच खर्च केलं.

"अजूनबी सांगू शकतोस."

मी गाडी वळवली नाही. तिथे रस्ता चांगला रुंद होता.

हिराजी नाखवा आता नाही. लक्ष्मणही नाही. तो नऊ फुटाचा तुकडा मात्र खेकड्यावर आहे. रस्तावाल्यांनी तो गेलेल्या दगडाच्या जागी कठडा म्हणून आडवा रोवला आणि चुना मारला. साग आहे, सडत नाही. नवे ड्रायव्हर त्याला धरून वळण घेतात.

मला कधी नवीन पोरं विचारतात, काका, एवढ्या वर्षांच्या लाईनीत शिकलात काय? मी सांगतो, दोरी टाकत जा. आणि वळण माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. ते हसतात. पास्कूकाकाचं आहे, निम्मं धरा म्हणतात.